जुना पॉप-अप ट्रेलर घेताय? आधी विचारा, तो उभा कुठं होता

औशाच्या एका शिक्षकांनी विचारलंय ते थोडक्यात असं. घरी बोलेरो आहे. नवरा-बायको, दोन मुलं आणि आई. दिवाळी-नाताळच्या सुट्टीत हॉटेलं शोधत फिरण्यापेक्षा जुना पॉप-अप कॅम्पिंग ट्रेलर घ्यावा असं मनात आहे. (ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: गाडीमागं जोडून न्यायचा बसका डबा. मुक्कामाला पोचलं की हँडल फिरवून छत वर उचलायचं, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर ओढायचे. मधल्या भिंती कापडाच्या.) दोन ट्रेलर त्यांच्या नजरेत आहेत. पहिला अमेरिकन बनावटीचा, २००९ सालचा, मुळशीकडच्या एका फार्महाउसवर उभा. मागणी साडेतीन लाख. मालक म्हणतो, फक्त दोनदा वापरलाय, कागद करून देऊ. दुसरा छत्रपती संभाजीनगरचा, वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये बांधलेला, सहा वर्षांचा. आरसी आहे, पण कापड मळलंय आणि त्याची एक चेन (झिप) तुटलीय. मागणी दोन लाख. कोणता घ्यावा, बघताना काय बघावं, बोलेरो ओढेल का?

सर, फोटोत पहिला देखणा दिसतो यात वाद नाही. तरी मी दुसराच बघायला जाईन. आमचं काम जालन्याच्या एमआयडीसीत ट्रॉल्या आणि ट्रेलर बांधायचं, दुरुस्तीचं. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की ट्रॉल्यांच्या जोड्या दारात रांगेनं लागतात, आणि त्यांच्या मधेच एखादा असला कॅम्पिंगचा ट्रेलर येतो. ट्रॉली चालून झिजते. हा ट्रेलर उभा राहून खराब होतो. वर्षातले आठ-पंधरा दिवस तो फिरतो, बाकी सगळा वेळ मिटलेला, झाकलेला असतो. त्यामुळं ‘दोनदाच वापरलाय’ हे ऐकलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला: मग उरलेली सगळी वर्षं तो कुठं उभा होता? उघड्यावर, ताडपत्रीखाली की पत्र्याच्या शेडमध्ये? खाली माती होती की कोबा? मिटताना कापड कोरडं होतं का? या उत्तरांवर निम्मी किंमत ठरते.

मुळशीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडं जेवढा पाऊस सगळ्या हंगामात पडतो तेवढा तिकडं काही आठवड्यांत पडून जातो. अशा ठिकाणी ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं मिटून ठेवलेला ट्रेलर बाहेरून पुसला की चकचकीत दिसतो. आत काय झालंय ते उघडल्यावरच कळतं.

पण त्याआधी कागद. मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो, त्यामुळं त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, स्वतंत्र नंबर लागतो. आपल्याकडं खेड्यात बिननंबरच्या ट्रॉल्या सर्रास पळतात, म्हणून लोक म्हणतात, ट्रेलरला कोण विचारतंय? रस्त्यावर कदाचित कोणी विचारणार नाही. अपघात झाला की मात्र विमा कंपनी पहिलं तेच विचारते. बिनआरसीचा ट्रेलर म्हणजे सातबारा नसलेली जमीन. ताबा मिळेल, हक्क मिळणार नाही. ‘करून देऊ’ याला काही अर्थ नसतो. बाहेरून आणलेल्या ट्रेलरची आयात कशी झाली, कस्टमचा कागद कुठं आहे, इथल्या नियमांप्रमाणं मंजुरी झाली होती का, याची उत्तरं विकणाऱ्याकडं आज नसतील तर ती तुमच्याकडं उद्या कुठून येणार? त्यांनी आधी आरसी स्वतःच्या नावावर करावी, मग आपण बोलू, एवढं सांगून फोन ठेवा.

दुसऱ्या ट्रेलरची आरसी आहे म्हणता, तर तिचा नंबर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाकून बघा. मालकाचं नाव तेच आहे का, एचपी (कर्जाचा बोजा) चढलेली आहे का, वजनाचे आकडे काय आहेत. मग चासीवर ठोकलेला नंबर शोधा. ट्रेलरला इंजिन नाही, त्यामुळं ओळख पटवायला हा एकच नंबर. गंजाखाली किंवा रंगाखाली दबलेला असेल तर पॉलिश पेपरनं हलकं घासा, वर कागद धरून पेन्सिल फिरवा, ठसा उमटेल. तो आरसीशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. नंबराच्या जागी ग्राइंडर फिरलेला दिसला तर चहा पिऊन घरी या. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, बँकेचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. ट्रेलर एमएच-२० चा आणि तुम्ही एमएच-२४ चे, तेव्हा फॉर्मवर सह्या आणि ओळखपत्रांच्या प्रती पैसे देतानाच घ्या. नंतर माणूस फोन उचलत नाही.

आता प्रत्यक्ष बघणं. सकाळी लवकर जा, आणि आधीच सांगून ठेवा की ट्रेलर मिटलेलाच ठेवा, आम्ही आल्यावर उघडू. आधीच उघडून, वारा खेळवून, अगरबत्ती लावून ठेवलेला ट्रेलर बघण्यात अर्थ नाही. छत पहिल्यांदा वर जातं त्या क्षणी नाक आत घाला. ओल्या गोणपाटासारखा कुबट वास आला की समजायचं, हा ओला असताना मिटला होता. कापड ओलं मिटलं तर एक-दोन दिवसांतच बुरशी धरायला लागते. काळे ठिपके एकदा कॅनव्हासच्या धाग्यात शिरले की ब्लीच मारून फिके होतील, जाणार नाहीत, आणि ब्लीचनं धागा कमजोर होतो तो वेगळाच. वरवरची माती, धूळ, कावळ्याची घाण याची काळजी करू नका. तुमच्या वाळूजवाल्या ट्रेलरचं मळकं कापड यातलंच असेल तर ती चांगलीच बातमी, कारण त्यापायी इतर गिऱ्हाइकं परत गेली असणार.

कापड उन्हानं गेलंय का हेही बघा, आपल्या भागात पावसापेक्षा ते जास्त दिसतं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीस-बेचाळीसच्या वर असतो. छताच्या घडीबाहेर राहिलेला कापडाचा पट्टा त्यात भाजून निघतो. दोन बोटांच्या चिमटीत कापड धरून जोरानं ताणा. चांगलं कापड कुरकुरत नाही. भाजलेलं कापड शिवणीच्या भोकांपाशी चिरत जातं. मग दारं-खिडक्या बंद करून आत उभं राहा आणि बाहेरून कुणाला तरी टॉर्च फिरवायला सांगा. सुईच्या टोकाएवढी भोकं आतून ताऱ्यांसारखी दिसतील. सुती कॅनव्हास असेल तर अगदी बारीक भोकांना घाबरू नका. तो भिजला की धागा फुगतो आणि भोक बुजतं. रेग्झिनसारख्या लेपाच्या कापडाला ती सोय नाही. चेन तुटणं ही क्षुल्लक गोष्ट. मोटारसायकलची सीट शिवणारा किंवा मंडपवाल्यांचा शिलाईवाला ती अर्ध्या दिवसात बसवून देतो. संपूर्ण कापड नवीन शिवायचं ठरलं तर मात्र तो खर्च मोठा, म्हणून जायच्या आधीच लातूरच्या एखाद्या ताडपत्री शिवणाऱ्याकडून मीटरचा भाव विचारून ठेवा.

कापडापेक्षाही मला जमिनीची धास्ती. या ट्रेलरची जमीन बहुतेक प्लायवूडची, अमेरिकन असेल तर कधी लाकडी चकत्या दाबून केलेल्या बोर्डाची. पाणी छतातून किंवा कोपऱ्यातून आत येतं, भिंतीच्या आतून उतरतं आणि शेवटी जमिनीच्या कडेला बसतं. अनवाणी चाला. टाचेखाली जमीन लवली, दबली, तर तिथं गाद्या उचलून, चटई उलटून बघा. खिशात टोचा किंवा पेचकस ठेवा आणि दाराच्या उंबऱ्याखाली, चाकांवरच्या डब्याच्या कडेला, सिंकच्या खाली, चारही कोपऱ्यांत हलकेच दाबा. चांगलं प्लायवूड टोच्याला परत ढकलतं. कुजलेलं आत घेतं. मालक म्हणेल, अहो भोकं पाडताय काय! त्याला सांगा, टोचा आत गेला तर ते भोक आधीचंच होतं. मग पाठीवर झोपून खालून बघा. काळपट, सुटलेले थर दिसले की त्या भागाचं प्लायवूड बदलायचं, आणि तिथल्या चासीच्या पट्टीवरही गंज असणार हे धरून चालायचं.

छत चांगल्या उजेडात, तिरक्या नजरेनं बघा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यातला माणूस विसरलेला नाही, आणि अधूनमधून गारा पडतच असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या छतावर पोचे असतील तर दिसायला वाईट, एवढंच. फायबरच्या छताला बारीक तडा असेल तर त्यातून पाणी आतल्या थरात मुरतं. अंगठ्यानं ठोकत जा. भरीव आवाजाच्या मधेच कुठं पोकळ आवाज आला तर थर सुटलाय. जोडांवर सिलिकॉनची एकावर एक लिंपलेली चरबट रेघ दिसली तर ती गळतीची जागा. तिथं खाली जमीन पुन्हा एकदा दाबा.

खात्री करायची असेल तर एक साधा उपाय: ट्रेलर वॉशिंग सेंटरवर नेऊन तिथं उघडा आणि वरून पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी पडू द्या. प्रेशर गन नको, पाऊस प्रेशरनं पडत नाही. मग आत जाऊन कोरड्या हातानं कोपरे चाचपा. मालकानं याला नकार दिला तर तो का, याचा विचार तुम्हीच करा.

छत उचलण्याची यंत्रणा हा या ट्रेलरचा जीव. बहुतेकांत एक विंच (हँडलनं तार गुंडाळायचं चाक), त्यातून निघणाऱ्या तारा आणि चार कोपऱ्यांत एकात एक सरकणाऱ्या दांड्या असतात. वाळूजवाल्यानं कदाचित गॅसचे दांडे किंवा कात्री पद्धत वापरली असेल, तीही चालते. उचलायला मालकालाच सांगा. तुम्ही चार पावलं मागं जाऊन चारही कोपरे बघा. ते बरोबर वर यायला हवेत. एक कोपरा मागं राहत असेल तर त्या कोपऱ्याची तार ताणलीय, पुलीतून उतरलीय किंवा दांडीत गंज-माती बसलीय. हँडलला मधेच झटका बसला, कट् असा आवाज आला तर तारेचे पीळ तुटत असणार. दिसेल तेवढी तार चिंध्यानं पुसून बघा, हातानं नको. तुटलेले बारीक धागे बोटात शिरतात. छत वर ठेवून तासभर बाकीचं बघत बसा आणि परत मापा, खाली उतरलंय का. अर्धवट उचललेल्या छताखाली डोकं घालायचं नाही, मुलांना तर जवळ येऊ द्यायचं नाही. आमच्याकडं तरी लाकडी टेकू लावल्याशिवाय कोणी आत जात नाही. छतावर सायकलींचा कॅरियर किंवा सोलरची पाटी बसवलेली असेल तर उचलताना तिचं वजन विंचवर येतं, हेही विचारून घ्या.

खालची बाजू म्हणजे आमचं रोजचं काम. चासीचं चॅनल आणि गाडीला जोडायचा पुढचा दांडा यांचा जिथं जोड असतो, तिथं वेल्डिंगच्या कडेला केसासारखी रेघ शोधा. रंगावर गंजाची पातळ तांबडी ओघळ दिसली तर तिच्या खाली बहुतेक चीर असते. पूर्वी चिरलेलं आणि वरून पट्टी ठोकून वेल्डिंग केलेलं दिसलं तर का चिरलं ते विचारा. एकदा दगडावर आपटला हे उत्तर ठीक. नुसतंच चालवताना चिरलं असेल तर बांधणीत खोट आहे. स्प्रिंगच्या पाट्यांच्या पानांत फट, मधला खिळा झिजलेला, यू-बोल्ट ढिले, हे सगळं दुरुस्त होतं आणि महागही नाही. एक्सल वाकलेला असेल तर टायर एकाच कडेनं झिजलेले दिसतील.

टायरच्या बाबतीत लोक हमखास फसतात. गोट्या (रबराचे उंचवटे) नव्यासारख्या उंच असतात, कारण ट्रेलर चाललाच नाही. टायर मात्र वयानं जातो. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का शोधा: २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांच्या पुढचा टायर गोट्या कितीही असोत, बदलायचाच, आणि त्याचे पैसे सौद्यातून कापायचे. एकाच जागी उभं राहून खालचा भाग चपटा झालेला असतो, कडेला उन्हानं बारीक चिरा पडलेल्या असतात. अमेरिकन ट्रेलरला बारा-तेरा इंची चाकं आणि वेगळी बोल्टची आखणी असू शकते; तो टायर आणि ती रिम केज-अंबाजोगाईच्या रस्त्यावर कुठं मिळणार, याचा विचार आधीच करावा. वाळूजमध्ये बांधलेल्यावर बहुधा इथल्याच एखाद्या गाडीची चाकं असणार.

मग एकेक चाक जॅकवर घ्या. वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग ढिलं किंवा गेलेलं. फिरवून कान लावा. हबची (चाकाच्या मधल्या भागाची) टोपी काढून ग्रीस बघा: काळं-तपकिरी चालेल, दुधासारखं पांढुरकं झालेलं असेल तर आत पाणी गेलंय. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो लिहून घेऊन जालन्यात किंवा संभाजीनगरात बेअरिंगच्या दुकानात विचारा, प्रचलित नंबर असेल तर लगेच मिळतो.

बोलेरो ओढेल का? बोलेरोला लॅडर फ्रेमची चासी आहे, म्हणजे हुक बसवायला चांगला आधार आहे. पण आपल्या मर्जीनं बसवू नका. टोचनाचं वजन गाडीच्या पुस्तिकेत दिलंय का बघा, नसेल तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. गाडीच्या मूळ नोंदीत बदल करण्यावर कायद्याचं कलम ५२ आहे, म्हणून आरटीओतही विचारा. हुक चासीला बोल्टनं बसलेला हवा, बंपरला वेल्डिंग केलेला अजिबात नको. माझा स्वतःचा नेम असा की भरलेला ट्रेलर रिकाम्या गाडीच्या निम्म्या वजनाच्या आत राहावा. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक सक्तीचा आहे. तेवढी शिस्त आपणही पाळावी, विशेषतः धारूर किंवा मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना. अमेरिकन मोठ्या ट्रेलरला विजेवरचे ब्रेक असतात, ते चालवायला गाडीत वेगळा कंट्रोलर लागतो, नाहीतर ते ब्रेक नुसतं वजन.

वजन आरसीवरच्या आकड्यावर सोडू नका, काट्यावर करा. बाजार समितीचा किंवा जिनिंगचा काटा चालेल. मोठ्या काट्याला दहा-वीस किलोचा फरक धरायचा. त्यावर पाणी, गॅस, भांडी, गाद्या, पाच जणांचं सामान मिळवा. ८० लिटरची टाकी भरली की ८० किलो वाढले. आणि पुढच्या टोकावर किती वजन येतं ते वेगळं मोजा: घरचा वजनकाटा लाकडी ठोकळ्यावर ठेवून त्यावर ट्रेलरचं नाक टेकवा. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के यायला हवं. ७०० किलोचा ट्रेलर असेल तर ७० ते १०५ किलो. कमी आलं की साठच्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि गाडी ओढून नेतो. सामान मागच्या बाजूला कोंबल्यानं हेच होतं.

गाडीच्या हुकावरचा गोळा आणि त्यावर बसणारं ट्रेलरच्या नाकाचं कप्लिंग, यांचं माप हा बारीक पण जीवघेणा मुद्दा आहे. अमेरिकन कप्लिंग दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर, युरोपियन गोळा ५० मिलिमीटर. अमेरिकेत पावणेदोन इंचापेक्षा थोडा मोठा, ४७.६ मिलिमीटरचाही एक गोळा असतो, तो दोन इंची कप्लिंगमध्ये बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडी मारून सुटतो. व्हर्नियरनं मोजा. कप्लिंगवर माप ठोकलेलं असतं, तेही वाचा. वाळूजवाल्यानं ट्रॅक्टरसारखी कडी-पिन लावली असेल तर ती बदलून घ्या; पिनेला खेळ असतो, ट्रॅक्टरच्या वेगाला तो चालतो, बोलेरोच्या वेगाला धक्के बसून चासीच चिरते. दोन साखळ्या हव्यातच, आणि त्या नाकाखालून एकमेकींना छेद देऊन लावायच्या, म्हणजे कप्लिंग सुटलं तरी नाक त्यांच्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही.

वायरिंग बघताना आधी उंदराच्या लेंड्या शोधा. शेतातल्या आखाड्यावर कडब्याच्या गंजीशेजारी उभा केलेला ट्रेलर म्हणजे उंदरांना तयार घर. गाडी जोडून ब्रेकलाइट, इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा एकेक करून तपासा.

पहिल्या ट्रेलरबद्दल अजून दोन गोष्टी राहिल्यात, त्या फोटोत दिसत नाहीत. अमेरिकेत वीज ११०-१२० व्होल्टची, आपली २३०. तिथलं चार्जर-कन्व्हर्टर आपल्या बोर्डाला थेट जोडलं तर जळणार. गॅसचंही तेच; तिथल्या रेग्युलेटरची चुडी आपल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला बसत नाही, आणि मग कोणीतरी जुगाड करून देतो. ट्रेलरच्या बंद जागेत गॅसचा जुगाड मला मान्य नाही. दुसरी गोष्ट दाराची. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून ट्रेलरचं दार उजव्या अंगाला. आपल्याकडं रस्त्याच्या कडेला थांबलात की ते दार धावत्या वाहतुकीकडं उघडतं. लहान मुलं घेऊन फिरणार असाल तर एवढ्या एका कारणावरूनही मी तो नाकारेन. वाळूजच्या ट्रेलरचं दार डावीकडं आहे ना, तेही बघून घ्या. काही कारागीर परदेशी फोटो बघून तस्सं बांधतात.

चूल, सिंक, गाद्या, पडदे यांत वेळ घालवू नका. पाच किलोचा छोटा सिलिंडर, साधी शेगडी, आयएसआयची नवी नळी घ्या आणि स्वयंपाक शक्यतो बाहेर करा.

आईंचा विचार मात्र करा. या ट्रेलरचे पलंग कमरेएवढ्या उंचीवर असतात, गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री दोनदा उतरणं जड जातं. बहुतेकांत संडास नसतो. बघायला जाताना त्यांना घेऊन जा, एकदा चढून-उतरून बघू द्या. बाहेर ओढलेल्या पलंगाखालचे तिरपे टेकू जाग्यावर आहेत का, तुम्ही दोघं एकदम बसलात की करकरतात का, तेही तेव्हाच कळेल. मधलं टेबल खाली पाडून पलंग होत असेल तर आईंसाठी तीच जागा बरी.

घेतल्यावर वापर कधी? ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर दुपारी कापडाच्या भिंतीत बसवत नाही. अजिंठ्याला गेलात तर फर्दापूरच्या टी पॉइंटवर गाडी ठेवून पुढं बसनं जावं लागतं आणि सोमवारी लेणी बंद असतात. वेरूळ मंगळवारी बंद. दौलताबादवरून वेरूळला जाताना रस्ता किल्ल्याच्या जुन्या वेशीतून जातो, तिथं मागचा ट्रेलर लक्षात ठेवून वळण घ्या. गौताळ्यात किंवा नायगावच्या मयूर अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम टाकायचा नाही. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलंय, पण आपल्या भागात अजून सगळ्यात उपयोगी पडतो तो ओळखीच्या शेतकऱ्याचा मळा आणि त्याच्या विहिरीचं पाणी. वर्षातून एकदाच जाणं होणार असेल तर खरं सांगतो, ट्रेलर घेऊच नका. चांगला मोठा तंबू बोलेरोच्या टपावर बसतो, आणि त्याला ना शेड लागते ना टायर.

सौदा झाला तर वाळूजहून औशाला पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर लगेच ओढत नेऊ नका. टायर बदला, दोन्ही चाकांची बेअरिंगं धुऊन नवीन ग्रीस भरा, विमा कंपनीला कळवून पॉलिसीत ट्रेलरची नोंद करून घ्या. निघाल्यावर पहिल्या वीस किलोमीटरला थांबून हबला हात लावा. कोमट असेल तर पुढं चला. हात ठेववत नसेल तर तिथंच थांबायचं. मग बीडला एकदा, अंबाजोगाईला एकदा, आणि नटबोल्टही आवळत जायचं. वेग साठच्या आत. घरी आल्यावर शेडमध्ये, चाकांखाली फळ्या टाकून, नाक थोडं उतरतं ठेवून उभा करा, म्हणजे पाणी साचत नाही. गोठ्याच्या बाजूला नको. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ऊन पडलं की उघडून वाळवायचा. हे काम अंगावर घ्यायची तयारी असेल तरच पैसे मोजा.

दोन लाखांचं म्हणाल तर जमीन कोरडी, छत सरळ वर येणारं आणि चासी बिनचिरेची असेल तर टायर, बेअरिंग, चेन आणि कप्लिंग बदलायचा खर्च त्यातून वजा करून बोला. जमीन, छत, चासी या तिन्हींपैकी एकातही गडबड असेल तर निम्म्यातसुद्धा घेऊ नका. इसार पाच-दहा हजारांच्या वर देऊ नका, तोही ट्रेलर उघडून बघितल्यावरच. जाऊन आलात की चारही कोपऱ्यांचे आतून काढलेले फोटो, टायरवरचा चार आकडी शिक्का आणि कप्लिंगचा जवळून फोटो पाठवा, मग किती कमी करायला सांगायचं ते आकड्यात सांगतो.